गार्डचं 'पसारा' ट्रेनिंग खरंच झालंय का, हे कसं तपासायचं?

कमिटी_मेंबर
ठाण्यातली 120 फ्लॅटची सोसायटी, दोन गेट. नवीन एजन्सीने कोटेशनसोबत 'पसारा' लायसन्सची प्रत आणि आठ गार्डची ट्रेनिंग सर्टिफिकेटं दिली आहेत. आठही एकाच तारखेची. दोघे माजी सैनिक आहेत. ट्रेनिंग नेमकं किती तासांचं लागतं? माजी सैनिकांना सूट असते का? आणि करारावर सही करण्याआधी आम्ही काय बघावं?

नियमावली
'पसारा' म्हणजे खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे नव्या गार्डला किमान 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानी ट्रेनिंग, आणि हे कमीत कमी 20 कामाच्या दिवसांत पसरलेलं हवं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना पूर्ण माफी नाही, छोटा कोर्स आहे: 40 तास वर्ग, 16 तास मैदान, किमान 7 कामाचे दिवस.

एकाच तारखेवरून लगेच शंका घेऊ नका, बॅच एकत्रच संपते. ट्रेनिंग सुरू कधी झालं ती तारीख बघा. 160 तास भागिले 20 म्हणजे रोज पूर्ण 8 तास. रविवार धरले तर तीन आठवड्यांहून जास्त काळ तो माणूस दुसरीकडे ड्यूटी करूच शकत नाही. म्हणून त्या महिन्याची आधीच्या साइटची हजेरी आणि पगारपत्रक मागा. ट्रेनिंगच्या दिवसांतही हजेरी भरलेली असेल तर सर्टिफिकेट नुसतं छापलेलं आहे. एजन्सीला माणसं कमी पडतात, नवा मुलगा पहिल्याच दिवशी गेटवर उभा केला जातो आणि तीच ड्यूटी 'मैदानी 60 तास' म्हणून दाखवली जाते. सगळ्यात जास्त चालणारी लबाडी हीच.

दुसरं, ट्रेनिंग संस्थेने पास झालेल्यांची यादी नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे (एजन्सीला लायसन्स देणारा राज्याचा अधिकारी) द्यायची असते. त्या यादीची पोच मागा. एजन्सीचं लायसन्स आणि ट्रेनिंग संस्थेची मान्यता हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला दाखवून दुसऱ्याचा प्रश्न टाळला जातो. अर्जांचे नमुने मात्र महाराष्ट्राच्या नियमांतले बघा.

फायर_पॅनेल
कागद झाले की गार्डला दहा मिनिटं उभं करून विचारा. अभ्यासक्रमात आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, बॉम्बसदृश वस्तू ओळखणं, अलार्म आणि तपासणीची उपकरणं वापरणं हे सगळं आहे. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येणंही अपेक्षित आहे, नाहीतर गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये चुकणार.

मी विचारेन ते असं. मीटर रूममध्ये धूर आलाय, कुठला सिलिंडर घेशील? पाण्याचा म्हणाला तर नापास. सीओटू किंवा एबीसी पावडर हे उत्तर हवं, आणि जमलं तर आधी मेन बंद. मग सिलिंडर हातात द्या. पिन ओढणं, नोझल ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरणं, दांडी दाबणं, डावी-उजवीकडे फिरवणं. सीओटूच्या भोंग्याला हात लावून धरला तर थंडीने कातडी भाजते, हे शिकलेल्याला माहीत असतं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायचं. सीओटूला सहसा काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. 'सर, सगळे सिलिंडर ओके आहेत' असं न बघता सांगणारा गार्ड तिथेच पकडला जातो.

बेवारस बॅग दिसली तर? हात लावायचा नाही, उघडायची नाही, लोकांना लांब करायचं, 112 लावायचा. बहुतेक जण 'उचलून ऑफिसात ठेवतो' म्हणतात.

कलम_आणि_काठी
कायद्याचा भाग फार हलका घेतला जातो, आणि सोसायटी अडकते ती इथेच. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत, तेव्हा जुन्या नोट्सवर शिकवलेली कलमं बदललेली आहेत. गार्डला पोलिसांचे अधिकार नाहीत. त्याच्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे कुठल्याही नागरिकासारखं तो पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायलाच हवं. केबिनमध्ये बसवून 'कबूल कर' म्हणत चोपणं हा गुन्हा आहे आणि त्यात कमिटीही ओढली जाते. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तोही गरजेपुरताच.

वय 18 ते 65. शारीरिक निकषांत पुरुषांना 160 सेंमी उंची, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणं, रंगांधळेपणा नसणं. वैद्यकीय तपासणी दर 12 महिन्यांनी. चारित्र्य पडताळणी वेगळी, ती सर्टिफिकेटात येत नाही.

आणि सुरक्षा रक्षक मंडळाची नोंदणी 1981 च्या राज्याच्या कायद्याखाली असते. एजन्सीवाला ही नोंदणी आणि 'पसारा' लायसन्स एकच असल्यासारखं सांगतो, तुम्ही तशी गल्लत करू नका.

कमिटी_मेंबर
धन्यवाद. दोन्ही माजी सैनिकांच्या सर्टिफिकेटवरही सुरुवात आणि शेवट बाकीच्यांसारखाच आहे. आणि सुपरवायझर फक्त दिवसा येतो म्हणतात.

नियमावली
मग त्यांनी पूर्ण कोर्स केलाय का ते आधी त्या दोघांनाच विचारा, एजन्सीला नंतर. सुपरवायझरचं गणित आदर्श नियमांत 15 गार्डमागे एक असं आहे, त्यामुळे संख्येत अडचण नाही, पण रात्री 2 वाजता गेटवर कोण फेरी मारतो ते करारात लिहून घ्या. शिवाय तीन ओळी घाला: बदली गार्ड आला तर त्याचं सर्टिफिकेट, फोटो ओळखपत्र आणि पडताळणी 24 तासांत, दर सहा महिन्यांनी फायर ड्रिल, अप्रशिक्षित माणूस पाठवला तर त्या दिवसाचं बिल नाही. प्रशिक्षणाच्या अटी मोडल्या तर कायद्यात एजन्सीला 25,000 रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स स्थगित किंवा रद्द होण्याची तरतूद आहे, पण एजन्सीवाले बिल कापल्यावर जास्त लवकर हलतात.