पुण्याच्या घराचं सीलिंग : ८५ रुपये फूट म्हणजे नक्की किती?

प्रेषक : दिवाळी फराळ समिती
विषय : कोथरूडचं सीलिंग, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

यंदा मंडळाच्या फराळाच्या चकल्या कोण तळणार हे मला विचारू नका, मी पुण्यात कोथरूडला अडकले आहे. आईबाबांच्या हॉलचं सीलिंग पडलं. सगळं नाही, पंख्याच्या डावीकडचा परातीएवढा तुकडा. खाली कोणी नव्हतं, फक्त टीपॉयची काच गेली.

२००९ मध्ये धाकट्या भावाच्या लग्नाआधी घाईघाईत पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिस) फॉल्स सीलिंग, म्हणजे स्लॅबखाली लटकवलेलं खोटं छत, करून घेतलं होतं. दोन-तीन पावसाळ्यांपासून त्यावर चहा सांडल्यासारखा पिवळा डाग यायचा. बाबा दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात मारायचे आणि गणपतीत डाग परत हजर. परवा मिस्त्री आला, त्याने घोडा-शिडीवर चढून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. चांगल्या जागी टणटण, डागाच्या आसपास बद्द बद्द. एके ठिकाणी ठोकलं तर मूठ आतच गेली. मागून ओला काथ्या लोंबत आला आणि त्याच्यासोबत गंजून पापड झालेली पट्टी. तो म्हणाला, "ताई, हे पॅच मारायचं काम राहिलं नाही."

तर आता हॉल ११ बाय २० आणि बेडरूम १० बाय १२, मिळून ३४० चौरस फूट. पीओपी काढून जिप्सम बोर्ड लावायचा. दोन कोटेशन आली आहेत. एक ८५ रुपये फूट, दुसरं १२५ रुपये फूट. बाबांचा कल अर्थातच ८५ कडे. "फुटामागे चाळीस रुपये कशाचे?" हा त्यांचा प्रश्न, आणि माझ्याकडे उत्तर नाही. हल्ली पुण्यात कोणी काम करून घेतलंय का?

फराळ समिती (सध्या मु. पो. कोथरूड)

---

प्रेषक : माजी खजिनदार
विषय : उत्तर : कोथरूडचं सीलिंग, सल्ला हवा

ताई,

पुण्याचे दर मला ठाऊक नाहीत, पण न्यू जर्सीत मी नेमका याच प्रश्नातून गेल्या वसंतात गेलो. वरच्या बाथरूमचा शॉवर झिरपत होता, खाली फॅमिली रूमच्या छताचं ड्रायवॉल (इथल्या घरांतले जिप्समचे बोर्ड) फुगलं. खोली १४ बाय २०, म्हणजे २८०. एकाने १,४५० डॉलर सांगितले, दुसऱ्याने ३,४००. मी जुना खजिनदार, लगेच १,४५० वर बोट ठेवलं. मग हिने विचारलं, "जुनं कोण काढणार?"

ते १,४५० फक्त बोर्ड लावून सांधे भरण्याचे होते. जुनं पाडणं, कचरा नेणं, भिजलेलं इन्सुलेशन बदलणं, प्रायमर, रंग, सगळं आपल्या बोकांडी. आणि सांधे 'भरणं' म्हणजे कुठवर, हाही प्रश्न आहेच. इथे फिनिशच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात. घरातलं रंगवायचं छत साधारण चौथ्या पायरीचं लागतं. स्वस्त कोटेशनमध्ये ती पायरी लिहिलेलीच नव्हती. छतावर बाजूने उजेड पडला की प्रत्येक सांधा पोटावरच्या टाक्यांसारखा दिसतो, हे मी शेजाऱ्याकडे पाहिलं आहे.

आणखी एक, हे मंडळातल्या जुन्या घरवाल्यांसाठी. आमचं घर १९७४ चं, छत लाह्या चिकटवल्यासारखं खरबरीत. अमेरिकेत फवारून लावायच्या सजावटीच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर १९७८ मध्ये बंदी आली, त्याची धूळ फुप्फुसांना घातक म्हणून. त्याआधीचं घर असेल तर नमुने प्रयोगशाळेत दिल्याशिवाय कोणालाही छत खरवडू देऊ नका. मी तीन नमुने दिले, सुदैवाने काही निघालं नाही. निघालं असतं तर ३,४०० हा आकडा स्वस्त वाटला असता.

विम्याचं म्हणाल तर पाइप अचानक फुटला तर देतात, महिनोन् महिने झिरपलं तर बहुधा नाही. आमचं दुसऱ्या प्रकारात बसवलं. जाऊ दे.

तेव्हा ८५ मध्ये काय काय नाही ते आधी लिहून काढा.

मा. ख.

---

प्रेषक : ज्येष्ठ कट्टा
विषय : उत्तर : उत्तर : कोथरूडचं सीलिंग, सल्ला हवा

एक दुरुस्ती. खजिनदारसाहेब, तुमचं ड्रायवॉल आणि ताईंचं फॉल्स सीलिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्याकडे वर लाकडी जॉइस्ट (तुळया), सोळा किंवा चोवीस इंचांवर, आणि बोर्ड थेट त्यांना स्क्रूने. तेच तुमचं छत, ते काढलं की वरच्या मजल्याचं पोट उघडं. पुण्यात वर आरसीसीचा स्लॅब आहे. तो स्वतःच छत आहे, त्याला कोणाची गरज नाही. ताईंचं काम म्हणजे छताला घातलेला सदरा.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात कडीपाट होतं, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. दिवाणखान्यात वर तक्तपोशी, फळ्यांचं छत. पाणी गळलं की थेंब थेट डोक्यात, मग कोणीतरी कौलं शाकारायला वर चढायचं. लपवाछपवी नव्हती. फॉल्स सीलिंगचा खरा दोष पैशांचा नाही, ते गळती झाकतं हा आहे. ताईंच्या स्लॅबला दोन-तीन पावसाळे ओल होती आणि घरात दिसायचा तो फक्त डाग.

पीओपी आणि जिप्सम यांत मोठा फरक असल्यासारखं दुकानदार बोलतात. मूळ खनिज एकच. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली त्याच्या खाणी होत्या म्हणून हे नाव. त्यात पाणी कालवलं की पुन्हा जिप्सम. बोर्डातही तेच, फक्त दोन कागदांच्या मध्ये. वजनाच्या एकपंचमांश पाणी त्या दगडात बांधलेलं असतं, म्हणून आग लागली तर ते वेळ काढतं. पण वरून गळणाऱ्या पाण्यापुढे पीओपी काय आणि बोर्ड काय, दोघांचा निकाल सारखाच. हिरवा बोर्ड घ्या म्हणतील. तो दमटपणा सोसतो, गळती नाही.

माझं मत विचाराल तर सीलिंग करूच नका. स्लॅबला पुट्टी, रंग, आणि एक ट्यूबलाइट.

---

प्रेषक : नाट्य विभाग, नेपथ्य
विषय : उत्तर : कोथरूडचं सीलिंग, सल्ला हवा

काका, ट्यूबलाइट? काकूंना विचारलंत का?

ताई, आम्ही मागच्या वर्षी औंधला सासूबाईंच्या फ्लॅटचं केलं. रंगमंचावर खोटी छतं बांधून बांधून माझा थोडा हात बसलाय, त्यामुळे मी कारागिरांच्या पाठीशी उभीच होते. दोन-चार गोष्टी पाहून घ्या.

सांगाडा. बोर्डाच्या मागचा पत्रा कोण पाहतो? म्हणूनच तिथे हात मारतात. बोर्ड ज्याला स्क्रू होतो त्या सीलिंग सेक्शन नावाच्या पट्ट्यांमधलं अंतर दीड फूट पाहिजे, नेमकं सांगायचं तर ४५७ मिलिमीटर. त्याच्यावरचे आडवे चॅनल चार फुटांवर. आमच्याकडे पहिल्या दिवशी दोन-दोन फुटांवर टाकत होते. विचारलं तर म्हणे "सगळीकडे असंच करतो." तसं केलं की वर्ष-दोन वर्षांत बोर्डाला पोट येतं. आणि स्लॅबमध्ये फास्टनर (आत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकायला लावा. लाकडी गुट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळणारे अजून आहेत.

पंखा. पंख्याचं वजन स्लॅबमधल्या हुकावरच पाहिजे, बोर्डावर किंवा चॅनलवर अजिबात नाही. सीलिंग खाली आलं की दांडा लांब लागतो, तो आधीच आणून ठेवा.

मोजणी. इथे सगळ्यात जास्त भांडण होतं. लाइट लपवायला कडेने जो कोव्ह करतात तो काही जण रनिंग फुटाने (नुसत्या लांबीवर) वेगळा लावतात, काही त्याची उभी पट्टीसुद्धा चौरस फुटांत मोजतात, आणि काही दोन्ही करतात. काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवर पेन्सिलने लिहून घ्या. कागद हरवतो, भिंत नाही.

बोर्ड बंद व्हायच्या आधी वायरिंगचे फोटो काढा, टेप धरून.

आणि काका एका बाबतीत बरोबर आहेत, नाइलाजाने सांगते. आधी वरची गळती थांबवा, म्हणजे आधी गच्ची.

---

प्रेषक : दिवाळी फराळ समिती
विषय : उत्तर : कोथरूडचं सीलिंग (हिशोब)

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं, ते ट्यूबलाइटपाशी खूश झाले, आई उठून आत गेली.

खजिनदारांच्या सांगण्यावरून ८५ वाल्याला बसवून एकेक विचारलं. आला तो हिशोब असा. बोर्डाचे ८५ दराने २८,९००. हॉलच्या चारी बाजूंनी कोव्ह ६२ रनिंग फूट, ८० रुपयांनी ४,९६०. जुनं पीओपी उतरवायचे फुटाला १२, म्हणजे ४,०८०. पुट्टी, प्रायमर, रंग फुटाला २८ प्रमाणे ९,५२०. बारा दिव्यांची भोकं पाडायला शंभर-शंभर, हे मला भारी आवडलं, १,२००. राडारोडा न्यायला टेम्पोच्या दोन खेपा ५,०००. बेरीज ५३,६६०. पक्कं बिल हवं तर वर १८ टक्के जीएसटी.

१२५ वाल्याचे ४२,५०० होतात, त्यात उतरवणं, कोव्ह, भोकं, रंग सगळं धरलंय. फक्त राडारोडा आणि जीएसटी वेगळा. म्हणजे टेम्पो धरून ४७,५००. बाबांनी कागद उलटा करून पुन्हा बेरीज केली. मग म्हणाले, "चाळीस रुपये कशाचे ते कळलं." दोघांचेही आकडे आमच्या घरापुरते आहेत, कोणी कृपा करून हे पुण्याचे दर म्हणून पुढे पाठवू नका.

आता गच्चीचं. आमचा मजला पाचवा, शेवटचा. डाग बरोबर गच्चीच्या पन्हाळीखाली. बाबा तीन वर्षं सोसायटीला तोंडी सांगत होते, लेखी एक ओळ नाही. मी यावेळी सोसायट्यांचे २०१४ चे आदर्श उपविधी (नियमावली) काढून बसले. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरच्या घरांचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला तर दुरुस्ती संस्थेच्या, म्हणजे सोसायटीच्या, खर्चाने, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. घरातल्या संडास-सिंकची गळती मात्र ज्याची त्याने करायची. सेक्रेटरी काकांना ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे. स्लॅब आमचा, गिलावा आमचा. नक्षी तुमची." म्हणजे फॉल्स सीलिंगचा एक पैसा मिळणार नाही. भांडावंसं वाटलं, पण त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

गच्चीचं काम सोसायटीने लगेच काढलं, हे मात्र मानलं पाहिजे. जुना ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) पन्हाळीपाशी उकरला तर खाली विटांचा चुरा अजून ओलाच होता, पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी. तो नव्याने करून तीन दिवस गच्चीत पाणी साठवून ठेवलं. आम्ही खाली उताणे पडून स्लॅबकडे बघतोय. आई रोज सकाळी झाडूच्या दांड्याला वर्तमानपत्राचा कागद बांधून स्लॅबला टेकवायची आणि कागद गालाला लावून बघायची. तिसऱ्या दिवशीही कोरडा आला तेव्हा तिने परवानगी दिली. गंजलेली सळई एका जागी उघडी पडली होती, ती घासून गिलावा केला, तोही सोसायटीच्या खर्चाने.

दिवाळीआधी सीलिंग होणार नाही. स्लॅब पुरता सुकू दे म्हणून मिस्त्रीच पंधरा दिवस थांबा म्हणाला. ८५ वाला मात्र "उद्या लावतो" म्हणत होता, तेव्हाच बाबांनी त्याचा नंबर डिलीट केला. पंधरा दिवस उघड्या स्लॅबखाली बसून एक निर्णय बदलला, बेडरूममध्ये सीलिंग नको. आईला वाटतंय खोली उंच झाली. त्यामुळे १२० फूट गेले, राहिले २२०. बेडरूमच्या स्लॅबला पुट्टी आणि रंग. काका, ट्यूबलाइट नाही, पण अर्धा विजय तुमचा.

सांगाडा दीड फुटांवर असं कोटेशनमध्ये लिहून घेतलंय, कोव्हची मोजणी भिंतीवर आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बोर्ड सोमवारी येतील, सहा बाय चारचे दहा. एकेक वीस किलोच्या आसपास. काल १२५ वाल्याने सहज विचारलं, लिफ्टमध्ये मावतील ना? नाहीतर पाच मजले चढवायची मजुरी वेगळी. हे कोणाच्याच यादीत नव्हतं, तुमच्याही नाही. आत्ता बाबा टेप घेऊन लिफ्टमध्ये उभे आहेत, दार उघडं धरून, आणि चौथ्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्ट मागतंय. लिफ्ट आत तीन फूट सात इंच खोल. बोर्ड चार फूट.

फराळ समिती