उत्तर: गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या लोकांचं नागरिकत्व

"१२ वर्षं भारतात काढली की नागरिकत्व मिळतं" असं उत्तर इथं कुणीतरी दिलंय, पण ते अर्धंच आहे, भाऊ. प्रश्न होता, आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ जी नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व कसं मिळतं. ती १९७२ची. तिथले बरेच जण इथंच जन्मलेत, त्यामुळं आधी जन्मतारीख पाहायची.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक आहे, आईवडील कुठलेही असोत. अर्ज करून नागरिकत्व मागायचं कामच नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हेच सांगितलं. तरी पासपोर्टसाठी लोकांना पुढंही कोर्टात जावं लागलं, आता बोला! १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत इथं जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण भारतीय हवा. पुढं नियम आणखी कडक झाले.

बाहेर जन्मलेल्यांना मात्र १२ वर्षांचा रस्ता. अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. शिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे तिथल्या भाषांच्या यादीतली, एक भाषा नीट यायला हवी. त्यात मराठी आहेच, आणि स्वेटर विकताना भावावरून आपल्या बाया त्यांच्याशी कोणत्या भाषेत भांडतात ते सगळ्यांनी ऐकलंय.

नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा (सीएए) इथं उपयोग नाही. ती पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्यांपुरतीच आहे.