मदत हवी आहे: आठ स्पीकरच्या वर्तुळात फक्त ५ ते ८ वर टक्-टक्

रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर), विंडोज ११, ४८ किलोहर्ट्झ. स्पीकर १-४ ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडलेल्या साउंड बॉक्सच्या) अ‍ॅनालॉग आउटपुटवर. ५-८ साठी एडॅट (एकाच ऑप्टिकल केबलवरून अनेक चॅनल नेणारा डिजिटल सिग्नल) ३ मीटरच्या केबलने बाहेरच्या कन्व्हर्टरला, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणाऱ्या डब्याला. रीपरमधला मास्टर ट्रॅक ८ चॅनलचा. राउटिंग बरोबर आहे, एकेका स्पीकरवर पिंक नॉइज सोडून तपासलंय.

५-८ वर दर काही सेकंदांनी बारीक 'टक्' येतं, १-४ स्वच्छ. बफर ६४ चा ५१२ केला, काडीचाही फरक नाही. म्हणून संशय क्लॉकवरच (दोन्ही उपकरणांची सॅम्पल मोजायची घड्याळं जुळत नसावीत). कन्व्हर्टर 'इंटर्नल'वर होता, तो 'एडॅट'वर घेतला. आवाज कमी झाला, पण लॉकचा (क्लॉक जुळल्याचा) हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो आणि नेमकं तेव्हाच 'टक्' होतं. केबल बदलून झाली, तीही ३ मीटरचीच.

शिवाय ५-८ मोजून २७ सॅम्पल उशिरा येतात, म्हणजे सुमारे १९ सेंमी. तेवढा डिले १-४ ला मास्टर ट्रॅकवर देणार आहे, पण आधी लॉक टिकायला हवा.

इंटरफेसला वर्ड क्लॉक (क्लॉकसाठीचं वेगळं कनेक्शन) नाही, एडॅट इन रिकामा आहे. कन्व्हर्टरला एडॅट आउट आहे. मग कन्व्हर्टरला क्लॉकचा मास्टर करून परतीच्या ऑप्टिकल केबलवर इंटरफेस स्लेव्ह करावा (त्याच्या क्लॉकवर चालवावा), की आधी १ मीटरची केबल लावून पाहावी?