शब्दचर्चा: एक बिस्कोटी, दोन काय?

मंडळी, मदत हवीये. आम्ही वेंगुर्ल्यात घरीच काजू घालून बिस्कोटी, म्हणजे ती कडक इटालियन बिस्किटं, करतो, चाकरमानी मुंबईला परत जाताना घेऊन जातात. आता पाकिटावर मराठीत लेबल लावायचंय. तर एक बिस्कोटी, दोन काय? आणि 'गॉरमेट' ला मराठीत काय लिहू?

— ताई, मराठीत लेबल लावताय हे वाचूनच बरं वाटलं. इटालियनमधे बिस्कोटी हे अनेकवचनच आहे, एकाला बिस्कोत्तो म्हणतात. पण शब्द आपल्याकडे आला की आपल्या वळणाने चालणार, ईकारान्त म्हणून ती बिस्कोटी, आणि चकल्या तशा बिस्कोट्या. बिनधास्त लिहा.

मूळ अर्थ 'दोनदा भाजलेलं', लॅटिनमधून आलेला, आपलं बिस्कीट त्याच घरातलं. पण इटलीत कुठल्याही बिस्किटाला बिस्कोटीच म्हणतात, एकदाच भाजलेलं असलं तरी. आपण म्हणतो ती लांबट, तिरकी कापलेली, बदामाची, ती तोस्काना प्रांतातल्या प्रातो गावची, तिकडे तिला कांतुच्ची म्हणतात आणि विन सांतो नावाच्या गोड वाइनमधे बुडवून खातात.

— मग आपला बेकरीतला टोस्ट पण बिस्कोटीच की? तोही पाव कापून परत भट्टीत घालतात.

— कृतीने भाऊबंद, पण टोस्ट यीस्टने फुगवलेल्या पावाचा. बिस्कोटीत यीस्ट नाही, मैदा साखर अंडी बदाम, आणि जुन्या पद्धतीत लोणीसुद्धा नाही. आधी अख्खी लांब वडी भाजायची, जरा निवली की कापायची आणि मंद आचेवर परत भाजायची म्हणजे आतला ओलावा जातो.

म्हणूनच ताई, लेबलवर कृपा करून 'खुसखुशीत' लिहू नका. सगळीकडे तोच शब्द ठोकून देतात. खुसखुशीत म्हणजे तुपामोहनाने तोंडात विरघळणारं, नानकटाई खुसखुशीत, करंजी खुसखुशीत. बिस्कोटी कडक, दाताखाली कटकन मोडणारी, चहात बुडवायची. खुसखुशीत वाचून कोणी घेतली आणि दाताला कडक लागली तर त्याला वाटेल शिळी आहे! इतके नेमके शब्द आपल्याकडे असताना ते वापरायला हवेत. तसाच 'सादळणे', पावसात किनाऱ्यावर डबा उघडा राहिला की जे होतं ते, ह्याला मला तरी दुसऱ्या भाषेत एका शब्दात काही सापडलं नाही. 'सादळू नये म्हणून डबा घट्ट लावा' असं लिहा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळेल.

गॉरमेट सोडून द्या. फ्रेंचमधे तो शब्द चोखंदळ खवय्यासाठी आहे, उच्चारात शेवटचा ट पण नाही. 'काजूच्या बिस्कोट्या, वेंगुर्ले' यातच सगळं आलं, वेंगुर्ल्याच्या काजूला वेगळं विशेषण कशाला.

फक्त अंडं आहे की नाही ते ठळक लिहा, श्रावणात गिऱ्हाईक आधी तेच विचारतं.