पिकअप बदलावा की अँप? टोन नक्की ठरतो कुठे

सहावी_तार
इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पटत नसेल तर आधी पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, चुंबक असलेली कॉइल) बदलावा, अँप नंतर, असं माझं ठाम मत आहे. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) साधारण २.४ हेन्री असतो, पीएएफ (गिब्सनचा जुना नमुना) जातीच्या हंबकरचा, म्हणजे विजेची गुणगुण (हम) मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचा, ४.४ च्या आसपास. इंडक्टन्स वाढला की रेझोनन्सचं शिखर (ज्या फ्रिक्वेन्सीला पिकअप सर्वात जोरात बोलतो ती) खाली सरकतं आणि शिखराच्या वरचा आवाज झपाट्याने पडतो. जे ट्रेबल (आवाजाचा वरचा, धारदार भाग) गिटारमधून बाहेरच पडलं नाही, ते अँपचा नॉब १० वर नेऊनही परत येत नाही. वाढते ती खरखर.

ग्रिडलीक
शिखर कुठे येणार हे पिकअप एकटा ठरवत नाही, म्हणून तुमचं मत मला अपुरं वाटतं. केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) कॉइलला समांतर बसते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. ५ मीटरच्या केबलचे ५०० आणि कॉइलचे स्वतःचे १०० धरा: २.४ हेन्रीचं शिखर ४.२ किलोहर्ट्झला येतं. तीच गिटार १० मीटरच्या केबलवर ३.१ ला येते. आता ४.४ हेन्रीचा हंबकर ५ मीटरच्या केबलवर काढून बघा. तोही ३.१! सिंगल कॉइलचा हंबकर होत नाही हे खरं. हम तसाच राहतो, आणि हंबकर तारेचा जास्त रुंद भाग ऐकतो ते वेगळंच. पण ट्रेबल जिथे संपतं ती जागा एकच.

पुढे अँपचा भार, म्हणजे पिकअपला समोर दिसणारा अँपचा रेझिस्टन्स; तो जितका कमी तितका भार जास्त. जुन्या फेंडर रचनेत एका चॅनेलला दोन जॅक असतात. पहिल्यावर पिकअपला १ मेगओहम दिसतो. दुसऱ्यात ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिग्नल निम्मा करतात आणि पिकअपला दिसणारा रेझिस्टन्स १३६ किलोओहमवर येतो. दुसरा जॅक म्हणजे नुसता आवाज कमी, असा समज आहे. प्रत्यक्षात शिखरही चपटं होतं. ब्रिज पिकअप (तारांच्या बांधलेल्या टोकाजवळचा) कानाला टोचत असेल तर पैसे खर्च करण्याआधी हा जॅक वापरून बघा.

बारा_इंची
दोघांनीही स्पीकर सोडून दिलात. १२ इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर कोसळतो, मग वरच्या टोकाचे एवढे हिशोब कशाला? मार्शलचा जेटीएम४५ हा अँप फेंडरच्या बॅसमन ५एफ६-ए या अँपच्याच सर्किटवरून केला. तरी आवाज निराळा, कारण बॅसमनला मागून उघड्या पेटीत १० इंची चार जेन्सन स्पीकर आणि जेटीएम४५ ला बंद पेटीत १२ इंची चार सेलेस्टियन स्पीकर.

ग्रिडलीक
फरक तेवढाच नाही. बॅसमनमध्ये पहिली ट्यूब (सिग्नल वाढवणारा काचेचा व्हॉल्व्ह) १२एवाय७, जेटीएम४५ मध्ये ईसीसी८३. पहिलीचा म्यू (ट्यूबची सिग्नल वाढवण्याची पट) ४४, दुसरीचा १००. तोच हंबकर मार्शलमध्ये फार लवकर फुटतो (आवाज फाटतो), तो यामुळे. आणि हिशोब ४.२ विरुद्ध ३.१ चा आहे, दोन्ही स्पीकरच्या पट्ट्यातच येतात.

फुटण्याआधी काय कापलं याला मोल आहे. नेक हंबकरच्या (गिटारच्या मानेकडच्या पिकअपच्या) जाड तारा जास्त गेनवर (सिग्नल खूप वाढवल्यावर) गिचमिड होतात तेव्हा लोक अँपचा बेस नॉब शून्यावर आणतात. टोन स्टॅक (बेस-ट्रेबल नॉबचं सर्किट) सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या नंतर असेल तर गिचमिड तोवर झालेली असते. पिकअपची बेसकडची बाजू अर्धा अर्धा मिलिमीटर खाली घ्या, प्रत्येक वेळी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून अंतर मोजा. स्ट्रॅटवर उलट चूक होते: चुंबक तारेच्या फार जवळ आणले की ते तार ओढतात आणि वरच्या फ्रेटवर जाडी तार बेसूर डोलते.

सहावी_तार
पिकअपची उंची म्हणजे पिकअपच झाला की! व्हॉल्यूम ७ वर आणल्यावर आवाज बोथट होतो, त्याचं काय?

ग्रिडलीक
पॉट (व्हॉल्यूम नॉबखालचा बदलता रेझिस्टर) मधोमध आला की सिग्नलच्या वाटेत रेझिस्टन्स येतो आणि पुढची केबल ट्रेबल गिळते. पॉटच्या वरच्या आणि मधल्या पायांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर लावा. नुसता कपॅसिटर लावला तर आवाज कमी करताच पातळ, चिरका होतो.

नवा पिकअप घेण्याआधी एक चाचणी करा. ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर आउटपुट जॅकच्या दोन पायांवर डाग देऊन जोडा. ही जवळपास पावणेपाच मीटर जादा केबल झाली. त्यात हवा तो आवाज सापडला तर पिकअपचे पैसे वाचले.

सहावी_तार
चाचणी चांगली आहे, पण तिने शिखर खालीच येतं. ४.४ हेन्रीचा हंबकर ४.२ किलोहर्ट्झला न्यायचा तर तुमच्याच हिशोबाने केबल सव्वादोन मीटरची हवी. स्टेजवर ती कशी पुरणार?

ग्रिडलीक
सव्वादोन मीटरवर बफर (पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं छोटं सर्किट), त्यापुढे हवी तेवढी केबल. फक्त फझ फेस (आवाज फाडणारा पायाने चालवायचा पेडल) वापरत असाल तर तो बफरच्या आधी ठेवा, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम उतरवून तो साफ होत नाही.