मदत हवी आहे: डिजिटल सही असलेल्या मेलच स्पॅममध्ये जातायत

नमस्कार मंडळी. सांगलीत एका सीए ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळतो. मेल पोचवायला पोस्टफिक्स, स्पॅम गाळायला स्पॅमअसॅसिन, चाळीसेक मेलबॉक्स. ३० सप्टेंबर तोंडावर आलाय, टॅक्स ऑडिटची धावपळ, आणि जे क्लायंट एस-माइमची (मेलवर सही करायची एक ठरलेली पद्धत) डिजिटल सही करून पाठवतात नेमक्या त्यांच्याच मेल जंकमध्ये. काल साहेबांना एक बॅलन्स शीट तीन दिवसांनी तिथे सापडली. पुढचं लिहीत नाही.

त्या मेलचं हेडर उघडलं. मर्यादा ५.० (तिथपासून पुढे स्पॅम), स्कोअर ५.७. बेझचे (जुन्या मेलवरून शिकून अंदाज बांधणारा भाग) २.०, डीकिम (पाठवणाऱ्या सर्व्हरची सही) तपासणाऱ्या डीकिम_साइन्ड आणि डीकिम_इनव्हॅलिडचे ०.१-०.१, उरलेले ३.५ आमच्या घरच्या रूलचे. माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलाय: पीडीएफ, वर्ड, एक्सेल, चित्र सोडून काहीही जोडलेलं दिसलं की ३.५. सहीची पी७एस फाइल त्यात आयतीच सापडते.

डीकिम फेल होण्यात क्लायंटचा दोष नाही. आमचाच सर्व्हर तपासणीआधी तळाशी ‘ही मेल बाहेरून आली आहे’ अशी ओळ चिकटवतो, मग हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) कसा जुळणार?

हेडरमध्ये मल्टिपार्ट-साइन्ड (म्हणजे सही जोडलेली मेल) दिसलं की उणे ५ द्यावेत का? हात धजावत नाही.

प्रतिसाद १: नकाच देऊ. स्पॅमअसॅसिन एस-माइमची सही पडताळत नाही, आणि ते हेडर कुणीही लिहू शकतो. बक्षीस देऊ नका, फक्त दंड काढा. रूलमधून पीकेसीएस७-सिग्नेचर हा पी७एस फाइलचा प्रकार वगळा, त्याचं जुनं ‘एक्स-’वालं नावही वगळा, काही प्रोग्रॅम अजून तेच लिहितात. पी७एम मात्र वगळू नका. तिथे अख्खा मजकूरच आत बांधलेला असतो, फिल्टरला काही दिसत नाही. ती ओळ चिकटवणं तपासणीनंतर न्या. सही असलेल्या मेलला तर लावूच नका, नाहीतर वाचणाऱ्याकडे सही मोडलेली दिसेल. नेहमीचे क्लायंट वेलकमलिस्ट_ऑथमध्ये (डीकिमसारखी तपासणी पास झाली तरच सवलत देणारी यादी) टाका, स्पॅमअसॅसिनची ४.० च्या आधीची आवृत्ती असेल तर व्हाइटलिस्ट_ऑथ. कुणी जीमेलवरून पाठवत असेल तर त्याचा पूर्ण पत्ता टाका, अख्खं जीमेल नको!

धागाकर्ता: रूल बदलला, ओळ हलवली, लिंट (रूल लिहिताना चूक झाली का ते तपासणारं) चालवून बघितलं. यादीत टाकण्याआधी क्लायंटला तीच मेल परत पाठवायला लावली: १.९. डीकिम पास. बेझचे २.० अजून आहेतच, म्हणून जुन्या सहीवाल्या मेल एसए-लर्नला (बेझला शिकवायचा प्रोग्रॅम) हॅम, म्हणजे चांगल्या मेल, म्हणून शिकवतोय. साहेबांना अजून कळवलं नाही. आधी सगळ्यांचे जंक फोल्डर चाळून होऊ देत.