प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघण्याबद्दल
इंग्रजी वाचताना 'अडलेला प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघा' असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो मला पटत नाही. माझी मुलगी ऐरोलीत मराठी माध्यमात नववीला आहे. तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने अर्थ लिहिलेले होते, पण उतारा कशाबद्दल आहे विचारलं की गप्प. शब्द गोळा होत होते, वाक्य हातात येत नव्हतं.

आम्हाला उपयोग झाला तो आधीच माहीत असलेला विषय इंग्रजीत वाचण्याचा. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता) मिळाला, त्याबद्दल आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत. 'मडफ्लॅट्स' शब्द आला तशी ती थांबली. ऐरोली पुलावरून ओहोटीला दिसणारा चिखल तिने शंभरदा पाहिलाय. "मड म्हणजे चिखल, फ्लॅट म्हणजे सपाट, मग तोच की!" डिक्शनरी लागलीच नाही. आता परिच्छेद संपेपर्यंत ती शब्दाखाली नुसती रेघ मारते, आणि त्यातले निम्मे पुढच्या दोन ओळींतच उलगडतात. उरलेले मात्र जरूर बघावेत. दहावीला न पाहिलेला उतारा येतोच, तिथे डिक्शनरी जवळ नसते.